काठावरची माणसे : जिल्हा जलतरण स्पर्धेचे कामकाज

जलतरण स्पर्धा म्हणजे ठरलेले अंतर ठरलेल्या पद्धतीने कोणी किती वेळात कापले, याची खात्रीची नोंद करण्याचे काम. पोहणारा मिनिटभर पाण्यात असतो. त्या मिनिटाची नोंद करणारी माणसे दिवसभर काठावर उभी असतात. धाराशिव जिल्ह्यात ही माणसे बहुतेक शाळांचे क्रीडाशिक्षक असतात. एरवी ते खो-खो, कबड्डी आणि मैदानी स्पर्धांचे पंच. या जिल्ह्याची मैदानावरची ओळख खो-खोची आहे. भारतीय महिला संघाच्या कर्णधार राहिलेल्या आणि २०२० सालचा अर्जुन पुरस्कार मिळवलेल्या सारिका काळे इथल्याच. त्यामुळे हातात घड्याळ धरायची सवय इथल्या शिक्षकाला असते. संरक्षक मैदानात किती वेळ टिकला हे तो मिनिट-सेकंदांत लिहीत आलेला असतो. तलावावर तेच घड्याळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वाचावे लागते आणि तिथून काम वेगळे होते.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन वयोगटांत होतात, मुलांच्या आणि मुलींच्या स्वतंत्र. जिल्ह्यात निवडलेली मुले विभागावर जातात. धाराशिव, लातूर आणि नांदेड मिळून लातूर विभाग होतो. विभागातून राज्य, राज्यातून राष्ट्रीय. इतर खेळांना तालुका स्पर्धांची पायरी असते. तलाव मोजकेच असल्याने जलतरणाची सुरुवात बहुधा थेट जिल्ह्यापासून होते. म्हणजे परंड्याच्या किंवा उमरग्याच्या मुलासाठी जिल्हा स्पर्धा हीच अनेकदा आयुष्यातली पहिली शर्यत असते, आणि आखलेल्या लेनमध्ये पोहण्याचा पहिला प्रसंगही.

या मुलांची पोहण्याची शाळा विहीर. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठीला रिकामा डबा, वाळलेला भोपळा किंवा गाडीची ट्यूब बांधून वडील, चुलते नाहीतर थोरला भाऊ पोराला पाण्यात सोडतो आणि कमरेला बांधलेला दोर वरून धरून ठेवतो. थोड्या दिवसांत दोर सैल होतो, मग डबा सुटतो. पाऊस चांगला झालेल्या वर्षी विहिरींना पाणी असते आणि पोहायला शिकणारी पोरेही जास्त असतात. ओळीने दोन-तीन वर्षे अवर्षण पडले की त्या वयाची मुले कोरडीच राहतात. जिल्हा स्पर्धेच्या प्रवेशिकांचा गठ्ठा कधी जाड, कधी अगदी पातळ का असतो, याचे एक कारण आधीच्या पावसाळ्यांत शोधावे लागते.

विहिरीतून आलेल्या मुलाकडे धाडस आणि दम असतो. त्याला पाण्याची भीती नसते, खोलीची तर मुळीच नाही. पण विहिरीत भिंतीपासून भिंतीपर्यंतचे अंतर पाच-सहा हातांत संपते. सरळ रेषेत लांब पोहणे, भिंतीला पाय लावून स्वतःला ढकलणे, पाण्यात तोंड ठेवून कडेने श्वास घेणे यांची तिथे गरजच पडत नाही. डोके पाण्यावर ठेवून, समोर बघत पोहायची सवय लागलेली असते. त्यात एक गोष्ट धोक्याची आहे. विहिरीत खोल सूर मारणाऱ्याचे कौतुक होते. तलावात तोच सूर डोक्यावर बेतू शकतो. सुरुवातीचे ठोकळे बसवायचे तर भिंतीपासून १ मीटर ते ६ मीटरपर्यंत पाण्याची खोली किमान १.३५ मीटर हवी, असा जागतिक नियम आहे. तेवढ्या खोलीत उथळ, सपाट सूरच मारायचा असतो. म्हणून सकाळच्या सरावात प्रत्येक नवख्या मुलाची उडी एका शिक्षकाने उभे राहून बघणे हे स्पर्धेतले सर्वांत महत्त्वाचे काम मानले पाहिजे. ज्याची उडी खोल जाते त्याला ठोकळ्यावर न चढवता काठावरून किंवा पाण्यातूनच सुरुवात करू द्यावी. थोडा वेळ वाया गेला तरी चालेल.

तलावाची तयारी हा पुढचा भाग. स्पर्धेचा तलाव ५० मीटरचा किंवा २५ मीटरचा असतो. लांबी नेमून दिलेल्या मर्यादेत किंचित जास्त चालते, कमी अजिबात चालत नाही. कारण एक वीत कमी असलेल्या तलावात केलेली वेळ ही वेळच राहत नाही. पाण्याचे तापमान २५ ते २८ अंशांच्या दरम्यान हवे. मराठवाड्यात सकाळी आणि दुपारी यात मोठा फरक पडतो, म्हणून लांब पल्ल्याच्या शर्यती सकाळी उरकणे शहाणपणाचे. बॅकस्ट्रोकसाठी दोन्ही भिंतींपासून ५ मीटरवर, पाण्यापासून १.८ मीटर उंचीवर पताकांची दोरी ताणतात. उताण्या पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही. पताका दिसल्या की किती हात मारल्यावर भिंत येते हे त्याने मोजून ठेवलेले असते. गणेशोत्सवातल्या पताकांनीही हे काम भागते, फक्त अंतर आणि उंची टेपने मोजून घ्यावी. अंदाजाने बांधलेली दोरी मुलाच्या डोक्याला भिंतीचा फटका देते.

पाण्याचा विषय या जिल्ह्यात एवढ्यावर संपत नाही. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल तलावात २५ लाख लिटर पाणी मावते. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले, तेव्हा ५० वाघिणींची जलदूत गाडी एका खेपेला नेमके तेवढेच पाणी आणत होती. ते दिवस पाहिलेल्या माणसाला तलावात पाणी भरताना संकोच वाटतो आणि तो वाटणे योग्यच आहे. टंचाई आली की पहिले कुलूप जलतरण तलावाला लागते, यावर तक्रार करता येत नाही. मात्र तलावाचे पाणी रोज बदलत नाहीत. ते गाळून, क्लोरीन देऊन पुन्हा पुन्हा वापरतात आणि बाष्पीभवनाने, सांडल्याने गेलेले तेवढे भरून काढतात. गाळणी यंत्रणा नीट चालवली आणि गळती थांबवली तर एकदा भरलेले पाणी दीर्घकाळ टिकते. तलाव बंद पडतो तो पुष्कळदा पाण्याअभावी नव्हे, तर देखभालीअभावी. दुष्काळाचे निमित्त पुढे करून हा फरक झाकू नये.

प्रवेशिकांबरोबर जन्मतारखेचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का येतो. वयोगट १ जानेवारी ही तारीख धरून ठरतात. एका दिवसाच्या फरकाने मूल वरच्या गटात जाते, म्हणून कागद तपासणारा शिक्षक चष्मा पुसून बसतो. कागद पुरे झाले की हीट पाडायच्या. आठ लेनच्या तलावात एका वेळी आठच मुले पोहू शकतात. वीस मुले असतील तर तीन हीट. नियमाप्रमाणे आधीच्या वेळा बघून रचना करतात. हीटमधल्या सर्वांत वेगवान मुलाला चौथी लेन, मग क्रमाने पाचवी, तिसरी, सहावी, दुसरी, सातवी, पहिली आणि आठवी. मधली लेन हा मान नव्हे. तुल्यबळ मुले शेजारी आली तर ती एकमेकांना दिसतात, आणि शेवटच्या क्षणी कोण पुढे हे काठावरूनही नीट दिसते. जिल्हा पातळीवर बहुतेक मुलांच्या नावापुढे आधीची वेळच नसते. मग चिठ्ठ्या टाकून लेन ठरतात.

त्याचा परिणाम मोठा आहे. वेळ आणि मनुष्यबळ दोन्ही कमी असल्याने अशा स्पर्धेत बहुधा वेगळी अंतिम फेरी घेत नाहीत; सगळ्या हीटच्या वेळा एकत्र लावून क्रमांक काढतात. पहिल्या हीटमधला कळंबचा मुलगा आणि तिसऱ्या हीटमधला धाराशिव शहरातला मुलगा एकमेकांशेजारी कधी पोहतच नाहीत. त्यांच्यातली शर्यत फक्त कागदावर होते आणि कागदावरचा आकडा घड्याळ धरणाऱ्याच्या बोटातून आलेला असतो.

म्हणून टाइमकीपरच्या कामाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. हाताने वेळ घ्यायची तर प्रत्येक लेनला तीन टाइमकीपर असावेत, असे नियम सांगतो. तिघांपैकी दोघांची घड्याळे सारखी दाखवत असतील तर ती वेळ धरायची. तिन्ही वेगळी असतील तर मधली. दोनच घड्याळे चालली असतील तर सरासरी. मधली वेळ धरण्यात मोठा न्याय आहे. एखाद्याचे बोट घाईने पडले किंवा उशिरा पडले तरी त्याची चूक मुलाच्या माथी येत नाही. आठ लेनना तीन म्हणजे चोवीस माणसे लागतात. एवढे शिक्षक जमत नाहीत तेव्हा लेन कमी चालवाव्यात, टाइमकीपर कमी करू नयेत. एका घड्याळावर घेतलेल्या वेळेला दुसरा साक्षीदार नसतो.

सकाळी मुख्य टाइमकीपर सर्वांना एकत्र उभे करतो. त्याच्या शिट्टीवर सगळ्यांनी घड्याळे एकदम सुरू करायची, दुसऱ्या शिट्टीवर थांबवायची. आकडे ताडून पाहिले की कोणाचे घड्याळ बिघडले आहे आणि कोणाचा हात जड आहे, दोन्ही कळते. घड्याळ अंगठ्याने नव्हे, तर्जनीने दाबावे. तर्जनी लवकर हलते. सुरुवात आवाजावर नव्हे, दिव्याच्या किंवा हाताच्या इशाऱ्यावर धरावी. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ५० मीटर लांब उभ्या असलेल्या माणसाला तो जवळजवळ ०.१५ सेकंद उशिरा पोहोचतो. सर्वसाधारण माणसाला हा वेळ जाणवतही नाही, पण निकालाच्या कागदावर त्यात दोन-तीन मुले मावतात. शेवटच्या पाच मीटरला टाइमकीपरने काठाच्या अगदी कडेला येऊन, वाकून, खाली भिंतीकडे बघायचे. हात भिंतीला लागलेला डोळ्यांनी दिसला की बोट दाबायचे. मुलाचे डोके जवळ आले म्हणून अंदाजाने दाबायचे नाही. अंगावर पाणी उडते, पँट भिजते, मागून पालक ओरडत असतात. शेजारच्या लेनमध्ये काय चालले आहे हे पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो. आपल्या शाळेचा मुलगा ज्या लेनमध्ये आहे तिथे त्या शिक्षकाला उभे करत नाहीत. त्याच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. आपले मूल पोहत असताना तटस्थ राहण्याचे ओझे कोणावर टाकू नये म्हणून.

नुसत्या डोळ्यांवर आणि बोटांवर किती विसंबावे, हा प्रश्न जगालाही पडला होता. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाईलला अमेरिकेच्या लान्स लार्सनची वेळ तिन्ही घड्याळांवर ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेव्हिटपेक्षा कमी होती. भिंतीवरच्या परीक्षकांचे मात्र एकमत होईना. शेवटी सुवर्ण डेव्हिटला दिले आणि दोघांची वेळ ५५.२ सेकंद अशी एकच लिहिली. त्या वादानंतर भिंतीवर स्पर्श ओळखणारे पॅड बसवण्याच्या प्रयत्नांना जोर आला आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये ते वापरले गेले. पुढे १९७२ मध्ये म्युनिकला ४०० मीटर मेडलेत स्वीडनचा गुन्नार लार्सन ०.००२ सेकंदाने जिंकला, तेव्हा उलटा विचार करावा लागला. तलावाच्या दोन लेनच्या लांबीतच त्याहून जास्त फरक असू शकतो. मग हजारावा भाग मोजणे सोडून शंभराव्या भागावर थांबायचे ठरले. आजही तिथेच थांबतात. दोघांची वेळ शंभराव्या भागापर्यंत सारखी आली तर दोघांना एकच क्रमांक, आणि पुढच्या फेरीला एकालाच पाठवायचे असेल तर त्या दोघांना पुन्हा पोहवतात.

शर्यत सुरू करण्याची रीत ठरलेली आहे. रेफ्री तुटक शिट्ट्या मारतो, तेव्हा मुलांनी वरचे कपडे काढून तयार व्हायचे. एक लांब शिट्टी झाली की ठोकळ्यावर चढायचे. बॅकस्ट्रोकला त्या शिट्टीवर पाण्यात उतरायचे आणि दुसऱ्या लांब शिट्टीवर भिंतीशी यायचे. मग रेफ्री हात लांब करून सूत्रे स्टार्टरकडे सोपवतो. ‘टेक युवर मार्क्स’ ऐकून सगळे स्थिर झाले की संकेत. संकेताआधी सुटलेला मुलगा बाद. दुसरी संधी नाही. शाळेच्या मैदानावर स्टार्टरला सवय असते ती मुलांना चटकन सोडण्याची. पाण्याकाठी मात्र वाट पाहणे हीच कला आहे. एखादे मूल डगमगत असेल तर सर्वांना सरळ उभे राहायला सांगून पुन्हा सुरुवात करावी. नवखी मुले बाद होतात ती लबाडीने नव्हे, स्टार्टरच्या घाईने किंवा दिरंगाईने.

पोहण्याची पद्धत तपासणारे पंच दोन्ही कडांनी चालतात आणि वळणाचे पंच दोन्ही टोकांना उभे असतात. फ्रीस्टाईलमध्ये कसेही पोहता येते. सुरुवातीनंतर आणि वळणानंतर १५ मीटरच्या आत डोके पाण्यावर आले पाहिजे एवढेच. विहिरीतली मुले म्हणूनच फ्रीस्टाईलला गर्दी करतात. २०० मीटरला दम संपून एखादा मुलगा मध्येच तळाला पाय टेकवून उभा राहतो. लगेच काठावरून ‘बाद, बाद’ असा गलका होतो. नियम वेगळा आहे. फ्रीस्टाईलमध्ये उभे राहिल्याने कोणी बाद होत नाही. चालत पुढे गेला किंवा लेनची दोरी ओढली तर होतो. श्वास घेऊन पुन्हा पोहत शर्यत पुरी करणाऱ्या मुलाची वेळ तितकीच खरी असते, आणि ती लिहिण्यासाठी तिन्ही टाइमकीपर जागेवर थांबले पाहिजेत. इतर सात लेन रिकाम्या झाल्या म्हणून घड्याळ थांबवणे हा त्या मुलावर अन्याय आहे.

ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये वळताना आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. जिल्हा स्पर्धेत बाद होण्याची सर्वाधिक प्रकरणे इथेच घडतात. बॅकस्ट्रोकमध्ये शेवटी पाठीवर राहूनच भिंत गाठायची, पण पुष्कळ मुले भिंत शोधायला पालथी होतात. रिलेत आधीच्याचा हात भिंतीला लागण्यापूर्वी पुढच्याचे पाय ठोकळ्यावरून सुटले तर सगळा संघ जातो. चूक दिसताच पंचाने हात वर करायचा आणि लगेच चिठ्ठी लिहायची: कोणती शर्यत, कोणती हीट, कोणती लेन, कितवे वळण, नेमके काय झाले. चिठ्ठी नेमकी लिहिता येत नसेल तर चूक नेमकी दिसलेली नाही असे समजावे. शंका आली तर तिचा फायदा पोहणाऱ्याला.

बाद झालेल्या मुलाला ते सांगायचे कसे, हे नियमपुस्तकात नसते. भूमहून पहाटेच्या एसटीने आलेली मुलगी पहिली येते आणि निकालात तिचे नावच नसते, तेव्हा ‘डिसक्वालिफाय’ एवढा शब्द पुरत नाही. तिला भिंतीजवळ नेऊन, कोणता हात आधी लागला आणि कोणता नंतर, हे दाखवावे लागते. हे काम रेफ्रीने स्वतः करावे किंवा जाणत्या शिक्षिकेकडे द्यावे. मुलींच्या गटात मुळात लेन रिकाम्या राहतात. पोहण्याच्या पोशाखाबद्दल घरच्यांच्या मनात संकोच असतो, कपडे बदलायला धड खोली नसते, काठावर सगळे पुरुष पंच असतात. महिला पंच आणि कडी लागणारी खोली या दोन गोष्टी असल्या की पुढच्या वर्षी प्रवेशिका वाढण्याची आशा धरता येते. नोंद न घेतलेले अश्रू आणि न वापरलेल्या लेन यांचा हिशेब जिल्ह्याने ठेवायला हवा.

हरकत घ्यायची असेल तर शर्यत संपल्यापासून ३० मिनिटांच्या आत, लेखी, ठरलेली अनामत भरून. पालक मोबाईलवरचे चित्रण घेऊन येतात. ते भलत्या कोनातून काढलेले असते आणि सगळ्यांचे काढलेले नसते, म्हणून ते पुरावा धरत नाहीत. पालकाचे म्हणणे मात्र शांतपणे ऐकून घ्यावे. तोही अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून आलेला असू शकतो.

दुपारनंतर चिठ्ठ्यांवरून निकालपत्रक तयार होते. त्यात वेळेबरोबर तलावाची लांबी आणि वेळ हाताने घेतली की यंत्राने, या दोन गोष्टी लिहिल्या पाहिजेत. त्या गाळल्या तर विभागाला तो आकडा लावता येत नाही. २५ मीटरच्या तलावात १०० मीटरला तीन वळणे येतात, ५० मीटरच्या तलावात एकच. वळण चांगले असलेल्या मुलाला छोटा तलाव फायद्याचा, कारण सुरुवातीची उडी सोडली तर भिंतीला दिलेला पायाचा रेटा हाच शर्यतीतला सर्वांत वेगवान क्षण असतो. वेळा बदलून घेण्याचे तक्ते हेच गृहीत धरतात. विहिरीतून आलेल्या मुलाला ते लागू पडत नाहीत. तो प्रत्येक भिंतीजवळ थांबतो, हाताने धरतो, फिरतो आणि पुन्हा सुरू करतो. त्याला मोठ्या तलावात उलट बरे जाते. अशा मुलाची २५ मीटरमधली वेळ बघून त्याला कमी लेखू नये. त्याच्याकडून महिनाभर फक्त वळणाचा सराव करून घ्यावा आणि मग पुन्हा वेळ घ्यावी.

राज्य स्पर्धा पुण्यात बालेवाडीला झाली, तर मुलाला १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेल्या संकुलातला मोठा तलाव मिळतो. तिथे भिंतीवर पॅड असतील तर वेळ यंत्र घेते. हाताने घेतलेली वेळ यंत्राच्या वेळेपेक्षा साधारण ०.२ सेकंदाने कमी भरते, कारण संकेत दिसल्यावर घड्याळ सुरू करायला माणसाला थोडा उशीर होतो आणि शेवटी येणारा हात आधीच दिसत असल्याने तेवढा उशीर होत नाही. त्यामुळे जिल्ह्यात ३१.४० लिहिली गेलेली वेळ तितकेच चांगले पोहूनही तिथल्या फलकावर ३१.६० दिसू शकते. मुलाला वाटते, आपण मागे पडलो. निघण्यापूर्वी, गाडीत बसण्याआधीच, त्याच्या क्रीडाशिक्षकाने त्याला हे दोन्ही आकडे कागदावर मांडून समजावून दिलेले बरे.